काथ्याची गाठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी सरांचं नाव घेतो. आईला हे माहीत आहे आणि तिची हरकत नाही. लांज्याजवळच्या आमच्या गावातली मुलं बारावी झाली की एक तर मुंबईला जात, नाही तर मिरजोळ्याच्या कारखान्यांत चिकटत. माझंही मिरजोळ्याचं ठरलं होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर त्या वर्षी आमच्या बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून आले होते. परीक्षा झाली, ते गेले, मी विसरलो. पुढच्या रविवारी ते एस.टी.ने परत आले आणि पत्ता विचारत थेट आई काम करायची त्या काजूच्या कारखान्याच्या फाटकात उभे राहिले.

टरफलांच्या तेलाने काळी पडलेली बोटं आईने पदराखाली घेतली. सर म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा मोजताना श्वास रोखतो. असा मुलगा मला बऱ्याच वर्षांत दिसला नाही. तो मला द्या."

आईने एवढंच विचारलं, "जेवायचं काय?"

"माझ्या घरी," सर म्हणाले.

तिथून तीन वर्षं मी सरांच्या पडवीत राहिलो. आमच्या सगळ्या खानदानात पदवीधर झालेला मी पहिला. आज दापोलीत ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. त्यामुळे सरांबद्दल मी जे काही लिहीन ते कृतज्ञतेनंच लिहीन, असं गौरवसमितीला वाटतं. सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, माजी विद्यार्थी पुस्तिका काढत आहेत, आणि 'आंब्याच्या पेटीचा किस्सा' मी लिहावा असं ठरलं आहे, कारण मी घरातला. सरांचं नाव मात्र मी लिहिणार नाही. त्यांना ते आवडायचं नाही. "नाव लिहिलं की माणूस कण होतो," ते म्हणायचे. "एका जागी सापडतो."

कण आणि लाट, हे त्यांचं वेड होतं. सकाळी वर्गात शिरताना दारातच ते एखाद्याला अडवायचे आणि विचारायचे, "आज तू कण की लाट?" नवीन मुलं घाबरायची. उजेड कधी लाटेसारखा वागतो, कधी कणासारखा. आणि ज्याला आपण घट्ट, निखळ वस्तू म्हणतो त्या इलेक्ट्रॉनचंही तेच, हे पुस्तकात शेवटच्या धड्यात होतं. सर पहिल्या दिवशी तिथूनच सुरुवात करायचे. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं तेव्हा मी धडा वाचून आलो होतो. "दोन्ही, सर," मी म्हटलं. सरांनी मान डोलावली आणि आत गेले.

त्यांच्या टेबलावर जांभ्या दगडाचा एक चिरा असायचा. तो हातात घेऊन ते वर्षातून एकदा विचारायचे की हा उजेडाचा बनला आहे का. उजेडातून कण निर्माण होतात, कण एकमेकांना भेटून विझतात आणि त्यांचा उजेड होतो, हे ते नीट गणितासकट दाखवायचे. मग म्हणायचे, "म्हणून हा चिरा म्हणजे बसलेला उजेड आहे, असं मला वाटतं. पुरावा नाही. परीक्षेत लिहाल तर शून्य देईन." स्टाफरूममध्ये त्यांना 'उजेडमास्तर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते नाव बहुतेक आवडत असावं.

घरी तर विचारूच नका. दिवा बंद करायचा असला की ते "दिवा बंद कर" असं कधी म्हणाले नाहीत. "उजेडाला जाऊ दे," म्हणायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या की तुमचा उजेड गेला तरी चालेल, माझं पिठलं लागेल. बाजारात सर बांगडा हातात घेऊन तिरपा करायचे, खवल्यांवरचे रंग बघत राहायचे, वळवून पुन्हा बघायचे. मासळीवाली कंटाळून म्हणायची, "मास्तर, घ्यायचा तर घ्या. किती बघाल, मासा लाजतोय."

पण त्यांची खरी खासियत म्हणजे केसांचं रजिस्टर. दर जूनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने डोक्याचा एक केस द्यायचा. सर तो एका चौकटीत ताणून बसवायचे, त्यावर लेझरचा लाल किरण सोडायचे आणि समोरच्या भिंतीवर उमटलेल्या ठिपक्यांमधलं अंतर मोजून केसाची जाडी काढायचे. केस पाकिटात, पाकिटावर क्रमांक, जाडी रजिस्टरात. माझं पाकीट एक्केचाळीस नंबरचं. पहिल्या वर्षी माझा केस फारच बारीक निघाला. सरांनी घरी येऊन काकूंना सांगितलं, "याला दूध द्या." दुसऱ्या जूनमध्ये तो जाड निघाला तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून काकूंना दाखवलं. माझ्या वडिलांनी मला कधी मोजलं नव्हतं. मुंबईहून वर्षातून एकदा येत, डोक्यावर हात ठेवत, जात. त्या रजिस्टरात माझ्या नावापुढे आकडा चढलेला पाहून मला जे वाटलं, ते मी आईलाही कधी सांगू शकलो नाही.

बेचाळीस नंबरचं पाकीट सुलभाचं होतं.

सुलभा किनाऱ्याकडच्या गावातली. तिचे वडील बोटीवर होते, सहा-सहा महिने समुद्रात. ती वहीत काही लिहून घ्यायची नाही, मागच्या बाकावर बसायची आणि मोठ्याने हसायची. पहिली दोन वर्षं मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, कारण मार्क माझे जास्त होते. तिसऱ्या वर्षी एका सकाळी सरांनी तिला दारात अडवलं.

"आज तू कण की लाट?"

"तुम्ही विचारलंत म्हणून कण, सर," ती म्हणाली. "आता आत जाऊ द्या, म्हणजे पुन्हा लाट होते."

सर तिथेच उंबऱ्यावर थांबले आणि हसले. असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांच्या घरात राहत होतो, त्यांच्या ताटाशेजारी माझं ताट होतं, आणि त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. तो सगळा तास मी 'दोन्ही, सर' हे माझं दोन वर्षांपूर्वीचं उत्तर मनात घोळवत बसलो. चूक काहीच नव्हतं त्यात. तेच मला सलत होतं.

चिऱ्याच्या दिवशीही तसंच झालं. मी उभा राहून सांगितलं की हो, हा दगड उजेडाचाच बनलेला आहे, आणि सरांनी शिकवलेली सगळी कारणं क्रमाने दिली. सुलभा म्हणाली, "सर, मला नाही पटत. उजेड थांबत नाही. जो थांबला त्याला उजेड का म्हणायचं? मग भाताला पाऊस म्हणा." सरांनी चिरा टेबलावर ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही." रात्री जेवताना ते काकूंना तेच सांगत होते, भाताला पाऊस म्हणा म्हणाली, भाताला पाऊस. काकूंनी माझ्या ताटात भात वाढला. माझी भूक मेली होती.

आता पेटी.

उजेड इतका मंद केला की एका वेळी त्याचा एकच कण वाटेत असेल, आणि त्याच्यासमोर दोन बारीक फटी ठेवल्या, तर काय होईल? प्रत्येक कण पलीकडच्या फिल्मवर एक ठिपका उमटवील. पण दीड महिना तसंच ठेवलं तर त्या सुट्या ठिपक्यांचे मिळून काळे-पांढरे पट्टे तयार होतात, जसे फक्त लाटांचे होतात. म्हणजे एकटा कणसुद्धा जणू दोन्ही फटींतून जातो. जगात हे पूर्वीच सिद्ध झालेलं होतं, पण आमच्या कॉलेजात कोणी केलेलं नव्हतं. सरांनी ते सुलभाला करायला दिलं. मे महिन्यात तिची एका मोठ्या संस्थेत मुलाखत होती, आणि ती फिल्म घेऊन तिने तिथे जावं असं सरांच्या मनात होतं.

माझ्याकडे काजळी आली. मी रॉकेलच्या चिमणीवर काच धरून ती काळी केली. सर म्हणाले, "काजळी याच्यासारखी कोणी धरत नाही." मग दोन ब्लेड एकत्र धरून त्या काजळीवर दोन रेघा ओढायच्या होत्या, त्याच फटी. मी हात पुढे केला. सर म्हणाले, "रेघ तिला ओढू दे. हात तिचा आहे." तिने एका दमात ओढली. सरांनी काच उजेडासमोर धरली आणि मग मलाही बघायला दिली.

सगळं एका आंब्याच्या लाकडी पेटीत बसवलं. आतून काळा कागद, एका टोकाला दोन जाड सेलवर चालणारा मुगाएवढा दिवा, मध्ये उजेड मंद करायला काजळीच्या काचा आणि ती दोन रेघांची काच, दुसऱ्या टोकाला फिल्म. डिजिटल कॅमेरे आल्यामुळे गावातला फोटोवाला उरलेले रोल देऊन टाकत होता, त्यातलाच एक. पेटीच का, असं कोणीतरी विचारलं. सर म्हणाले की रत्नागिरीत अंधारात ठेवून वाट बघायला याहून चांगली वस्तू कोणती. आंबे गवतात पिकायला घालतात त्या अढीचा नियमच त्यांनी आम्हाला घालून दिला: "रोज गवत उचलून बघणाऱ्याच्या घरी आंबा पिकत नाही. बेचाळीस दिवस कोणी हात लावायचा नाही." पेटीला काथ्याची दोरी मी बांधली. आमच्या गावाकडे बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ मारली. ती ओढून सुटत नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी डार्करूममध्ये गेली.

पस्तीसाव्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात बसलो होतो. परीक्षा संपली होती. प्रिन्सिपॉलांना मुंबईच्या कोणा साहेबांकडे आंबे पाठवायचे होते. सरांच्या बागेतल्या हापूसची एक पेटी काकूंनी सकाळीच पाठवली होती, आणि थंड जागा म्हणून कोणीतरी ती डार्करूममध्येच ठेवली होती. मे महिन्यात रत्नागिरीत पेटी म्हणजे आंबेच. दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या मनातही येत नाही. गणूकाका, आमचे शिपाई, आत गेले आणि एक पेटी घेऊन बाहेर आले. एका हातात. पाच डझन हापूसची पेटी कोणी एका हातात उचलत नाही.

माझ्यासमोर थांबून ते म्हणाले, "काय रे बाबू, हीच ना? आत काय दिसत नाय. हलकी लागतेय."

मी दोरीकडे बघितलं. गाठ माझी होती.

मी मान हलवली. हो म्हणून.

गणूकाका गेले. गाडी साडेतीनला होती. दोन वाजले होते. आपण गंमत केली, आता धावत जाऊन सांगू, असं मी स्वतःला सांगत होतो. आणि मी खरंच स्टँडवर गेलो. कंडक्टर पेटी मागच्या डिकीत सरकवत होता. गणूकाका पावती घेऊन निघून गेले होते. मी रसवंतीच्या बाकावर बसलो, गाडी सुटेपर्यंत बसलो. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. सुलभा रिकाम्या हाताने मुलाखतीला जाईल. सर तिच्याकडे बघतील, आणि निदान एकदा तरी काय बोलावं हे त्यांना सुचणार नाही. माया ही कणासारखी असते असं मी धरून चाललो होतो: एका वाटेने गेली की दुसऱ्या वाटेने नाही. इतकं शिकून मी एवढंच शिकलो होतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण गेली कित्येक वर्षं ते स्नेहसंमेलनात सांगितलं जातं. साहेबांच्या घरी पाहुणे जमले होते, सर्वांसमोर पेटी फोडली, आत काळा कागद, उजेड लागून वाया गेलेली फिल्म आणि एक लुकलुकता दिवा. साहेब घाबरून जिन्यात गेले. प्रिन्सिपॉलांना फोन आला. ज्याला आंबा आणि विज्ञान यांतला फरक कळत नाही असा गणू, म्हणून लोक पोट धरून हसतात. गणूकाकांना तेव्हा लेखी ताकीद मिळाली. ती हसण्यात कोणी सांगत नाही.

फोन आला त्या संध्याकाळी सुलभा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती. गणूकाका तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे, सर दारात. ती त्यांना म्हणाली, "काका, तुमची काय चूक? पेटी आंब्याचीच होती." मग तिने तोंड फिरवलं. गणूकाकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. सर्वांसमोर ते म्हणू शकले असते की मी या मुलाला विचारलं होतं. ते म्हणाले, "खोलीत अंधार होता, सर. कोणालाच दिसलं नसतं."

सरांनी मला विचारलं, "तू व्हरांड्यात होतास ना? गाठ ओळखली नाहीस?"

"काळोख होता, सर," मी म्हटलं. भर दुपारच्या व्हरांड्यात.

"गाठ तर हातालाही कळते," सर म्हणाले आणि दिव्याचं बटण दाबायला वळले. त्या दिवशी ते उजेडाला काही बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. माझं ताट त्यांच्या ताटाशेजारीच होतं. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला त्यांनीच पत्र लिहून दिलं, इतकं चांगलं पत्र की तिथले प्राध्यापक ते वाचून मला बसा म्हणाले. फक्त जूनमध्ये, निकाल घ्यायला सगळे जमलो तेव्हा, सरांनी शेवटचे केस मागितले. चाळीस नंबरच्या मुलाचा घेतला, बेचाळीस नंबरचा घेतला. मी मधेच उभा होतो. गर्दी होती, राहून गेलं असेल, असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं.

सुलभाची ती मुलाखत गेली. तिने घरी राहून पुढच्या पावसाळ्यात तोच प्रयोग पुन्हा केला, काजळीही स्वतःच धरली. पट्टे उमटले. आज ती परदेशात मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. वर्गाच्या ग्रुपवर तिचा फोटो आला की मी तो मोठा करून बघतो आणि मग अभिनंदनाचा अंगठा टाकतो. त्या फिल्मचा तुकडा सरांनी चौकट करून भिंतीवर लावला आहे. त्याखाली केसांचं रजिस्टर असतं. गेल्या दिवाळीला सर आत चहा सांगायला गेले तेव्हा मी ते उघडलं. आमच्या तुकडीच्या पानावर सगळ्यांच्या पुढे चार आकडे आहेत. माझ्यापुढे तीन, आणि चौथी चौकट कोरी. पेन्सिलीची फुली नाही, रेघ नाही, काही नाही. मी भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि मला शरम वाटायला हवी होती तिथे आधी मत्सर वाटला. वयाच्या पस्तिशीनंतर, दोन मुलांचा बाप असताना.

समितीने पेटीचा किस्सा मागितला आणि वर कळवलं की गणूकाकांनाही गावाहून आणणार आहोत, त्यांच्यासमोर सांगितला तर आणखी मजा येईल. मग मी किस्सा बाजूला ठेवला आणि सरांना पत्र लिहिलं. ते गेल्या सोमवारी पोस्टात टाकलं. उत्तर आलेलं नाही. समितीला हा लेख छापायचा नसेल तर माझी तक्रार नाही, पण किस्सा मी दुसऱ्या तऱ्हेने सांगू शकत नाही. पत्र हे:

आदरणीय सरांस सा. न.

पेटी नेताना गणूकाकांनी मला विचारलं होतं, हीच ना, म्हणून. मी हो म्हटलं. गाठ मी उजेडात आणि नीट ओळखली होती. गाडी सुटेपर्यंत मी स्टँडवर होतो. गणूकाकांनी मला झाकलं आणि मी लोकांना त्यांच्यावर हसू दिलं, इतकी वर्षं.

मला सुलभाचा हेवा वाटत होता. अजून वाटतो. तिला लिहायला तीनदा बसलो. नुसतं अभिनंदनाचं पत्र होतं आणि थांबतो. पण लिहीन. रविवारी गणूकाकांच्या गावी जाणार आहे. समारंभात त्यांच्यासमोर हे मीच सांगेन, तुमची परवानगी असेल तर. नसेल तरी सांगेन, एवढं एक तुमचं न ऐकता करीन.

तुम्ही मला आईकडून मागून घेतलंत. पेटीचं तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं का, हे मी विचारणार नाही. रजिस्टर मी पाहिलं आहे.

सोबत पाकिटात एक केस आहे. मुळाशी पांढरा झाला आहे, त्यामुळे जाडी कुठे मोजायची ते तुम्हीच ठरवा. आकडा लिहायचा की नाही, तेही तुम्हीच. नाही लिहिलात तरी पाकीट परत पाठवू नका, इतकीच विनंती.

काकूंना नमस्कार.

आपला,
पाकीट क्रमांक एक्केचाळीस